बोलेरो पिकपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग, भार सोसणाऱ्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या) घरीच करायचे आहेत. काय काळजी घेऊ?

बांधावरचा
६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची टोमॅटो आणि द्राक्षाची शेती आहे. गाडी बोलेरो पिकप, २०१७ ची. मी आणि धाकटा भाऊ, दोघांच्याच हातात राहिलेली. ऑगस्टच्या सुरुवातीपासून टोमॅटो सुरू होईल. ७५ कॅरेट (माल भरायचे प्लास्टिकचे खोके) भरले की गाडी मागून पार बसते, आणि डावी बाजू उजवीपेक्षा जास्त. खड्डा आला की खालून धाडकन आवाज येतो. पिंपळगाव मार्केटपर्यंत निभावतं, पण तिथे भाव पडला की रात्रीच वाशीला निघावं लागतं. कसारा घाट उतरताना गाडी मागून झुलते तेव्हा शेजारी बसलेल्या भावाकडे बघवत नाही.

गावात सगळे एकच सांगतात, "दोन पाटे वाढव, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) भारीतले टाक." पाटेवाल्याकडे हंगामाआधी चार-चार दिवस गाडी अडकते. ट्रॅक्टरची बरीच कामं मी स्वतः करतो, रिंग पाने, गोटी पाने सगळे आहेत. म्हणून घरीच करायचा विचार आहे. जॅक दोन आहेत, एक गाडीबरोबर आलेला आणि एक ५ टनी बॉटल जॅक. अंगण मुरमाचं आहे, गोठ्यासमोर थोडा कोबा आहे.

कोणते पाटे घ्यावेत, किती वाढवावेत आणि काम करताना काय सांभाळावं, हे जाणकारांनी सांगावं.


चाकण_दुसरी_पाळी
६ जुलै, रात्री १०.२५

दादा, पाटे विकत घ्यायच्या आधी एक टेप घ्या. गाडी रिकामी, टायरमध्ये हवा सारखी, जमीन सपाट. मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वर बॉडीच्या एकाच ठिकाणापर्यंतचं अंतर मोजा. आकडे इथे टाका. रिकाम्या गाडीतही डावीकडे फरक दिसला, तर तुमचा प्रश्न पाटे कमी असण्याचा नाही, आहे त्या पाट्यांत काहीतरी मोडलंय. डावी बाजू आधी बसते हे बऱ्याच गाड्यांत दिसतं, आपल्या रस्त्यांचा उतार डावीकडे असतो आणि साइडपट्टीवर उतरतंही डावंच चाक.

मग टॉर्च घेऊन पाटे बघा. गाडी जमिनीवर, चारही चाकांवर असतानाच, बाजूने वाकून. आत शिरू नका. पाट्याला केसाएवढी चीर असेल तर ती बहुधा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकाजवळ असते, कारण भोक पाडलं तिथेच पाटा कमजोर. वर यू-बोल्टची (पाटे मागच्या ॲक्सलला आवळणारा यू आकाराचा बोल्ट) प्लेट असल्याने ती दिसत नाही, पण गंजाची लालसर रेघ बाहेर आलेली दिसते. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) बुश (आतली रबरी नळी) खाल्लेत का, शॉकअपवर तेलाचा ओला थर आहे का, बंपस्टॉपचं (धक्का सोसणारा ठोकळा) रबर शाबूत आहे का, हेही बघा. धाडकन आवाज येतो तो हौसिंग (मागच्या ॲक्सलचं आवरण) त्या रबरावर आपटत असणार. रबर उरलं नसेल तर थेट चेसिसवर.


पाटेवाला_मिरज
७ जुलै, सकाळी ६.५०

आमच्या घरात तिसरी पिढी या धंद्यात आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं दोन पाटे वाढवा. आम्ही विचारतो, भरता किती? तिथे उत्तर येत नाही.

पाटा वाढवला की गाडी उचलून धरते, हे खरं. पण तो भार नाहीसा होत नाही. आधी पाटा वाकून सोसत होता, आता तोच भार हँगरच्या (पाट्याचं टोक धरणारा चेसिसवरचा ब्रॅकेट) रिव्हेटवर, हौसिंगवर, बेअरिंगवर आणि टायरवर जातो. पाटा तुटला तर आवाज येतो, गाडी बसते, माणसाला कळतं. हँगर चेसिसवरून उखडला तर कळायला वेळ मिळत नाही. पाटे वाढवलेल्या गाड्यांचे हँगर वेल्डिंगला आलेले मी किती पाहिले याची मोजदाद नाही.

दुसरं. जुना पाटा ठोकून कमान वाढवून घेतात, त्याला आमच्याकडे पाटे मारणं म्हणतात. स्वस्त पडतं, पण भट्टी आणि तेलाचं पाणी (तापवून तेलात बुडवून कडक करणं) नीट न देता नुसतं मारलं तर एका हंगामात पुन्हा बसतं. आणि पाट्याला वेल्डिंग कधीच करायचं नाही. गॅस कटरची आचसुद्धा लावायची नाही. पाटा हे पाणी दिलेलं पोलाद आहे. एका जागी लाल केला की तिथलं पाणी उतरलं, आणि तो तिथेच तुटणार. यू-बोल्टचा गंजलेला नट निघत नाही म्हणून गॅसने तापवतात, तेव्हाही शेजारचा पाटा तापतोच. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. नाहीच निघाला तर नट ग्राइंडरने कापा. यू-बोल्ट तसेही फेकायचेच आहेत.


आयटीआय_निदेशिका
७ जुलै, दुपारी १.१५

मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. मुलांना पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून देते तेच इथे लिहिते : पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट. तुमचे पाटे ७ मिमीचे असतील आणि कोणी १० मिमीचा एक पाटा आणून सरकवला, तर ७ चा घन ३४३ आणि १० चा १०००. म्हणजे तुम्ही एक नाही, जवळजवळ तीन पाटे वाढवले. रिकामी गाडी मग खड्ड्यावरून उड्या मारते, पावसात रिकामं परतताना मागचं चाक जमिनीला नीट टेकत नाही आणि ब्रेक मारला की मागची बाजू सरकते.

आता ब्रेकचं. काही पिकपना मागच्या ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. तो बसतो चेसिसवर आणि त्याची एक दांडी किंवा स्प्रिंग हौसिंगला जोडलेली असते. माल भरला, चेसिस खाली आली, की व्हॉल्व्हला समजतं गाडी भरलेली आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. आता पाटे कडक करून गाडी भरल्यावरही उंचच ठेवली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. माल पूर्ण, मागचा ब्रेक अर्धा, आणि समोर कसारा घाट. गाडीखाली बघून अशी दांडी आहे का ते शोधा. असेल तर उंची बदलणारं कुठलंही काम केल्यावर कंपनीच्या मापाने ती लावून घ्यावीच लागते. "पाटे वाढवल्यापासून ब्रेक लागत नाही" अशी तक्रार घेऊन माणसं येतात आणि ब्रेकचे लायनर बदलून जातात.


कांदा_चांदवड
७ जुलै, संध्याकाळी ७.०५

सगळं बरोबर असेल ताई, पण शेतकऱ्याचंही ऐका. दोन फेऱ्या करायच्या म्हणजे डिझेल दुप्पट, हमाली दोनदा, आणि दुसरी फेरी पोचेपर्यंत लिलाव संपलेला. ७५ कॅरेट भरतो तो हौसेने भरत नाही. माझ्या गाडीला मी दोन पाटे वाढवले त्याला चार वर्षं झाली, काही झालं नाही.


विमा_पाहणी
७ जुलै, रात्री ९.३०

चांदवडकर भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, ते नाकारत नाही. पण मी अपघातानंतर गाड्या बघायला जातो, म्हणून कायद्याची बाजू सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या सुधारणेत कलम १८२-अ आलं : मनाई असलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झिजलेला पाटा काढून त्याच मापाचा बसवणं, बुश, शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे, त्याला कोणी अडवत नाही. गाडीची उंची आणि भाराची घडण बदलणं ही वेगळी गोष्ट.

ओव्हरलोडला केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. किती भरायचं हे नोंदणी पुस्तकात लिहिलेलं असतं. पाटे वाढवून तो आकडा वाढत नाही. कंपनीने तो फक्त पाटे बघून ठरवलेला नसतो, ब्रेक, चेसिस, हौसिंग, टायर सगळं धरून ठरवलेला असतो. अपघात झाला की आम्ही पहिले तीन फोटो काढतो त्यात एक पाट्यांचा असतो. त्यानंतर दाव्याचा वाद किती वर्षं चालेल, ते घरच्यांना भोगावं लागतं.


बांधावरचा
७ जुलै, रात्री १०.१०

मोजलं. उजवीकडे ५१ सेंमी, डावीकडे ४७.५. गाडी रिकामी. डावा शॉकअप तेलाने ओला आहे. शॅकलच्या बुशमधलं रबर बाहेर लोंबतंय. लाल रेघ दिसते असं वाटतं, खात्री नाही.

म्हणजे पाटे वाढवायचे नाहीत, दुरुस्ती करायची, हे पटलं. पण ती तरी घरी करू का? शॉकअप आणि बुश मी करू शकेन असं वाटतं.


सातारा_रस्ता
७ जुलै, रात्री ११.५०

दादा, हे लिहू की नको असा विचार करत बसलो होतो.

आमच्या काकांनी अशीच गाडी अंगणात उचलली होती. आषाढातले दिवस, दोन दिवस पाऊस होऊन उघडला होता. बॉटल जॅक मुरमावर, त्याखाली एक फरशीचा तुकडा. चाक काढलं, शॉकअपचा खालचा बोल्ट सैल होईना म्हणून आडवे होऊन आत गेले आणि पान्याला हिसका दिला. फरशी तडकली, जॅक कलला, गाडी खाली आली. मी तेव्हा दहावीत होतो, पाना द्यायला बाजूला उभा. शेजारपाजारचे धावले, आठ-दहा जणांनी गाडी उचलली. काकांच्या छातीवर हौसिंग होता. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

जॅक चांगला होता. काका अनाडी नव्हते, चाळीस वर्षं गाड्यांवर काम केलेला माणूस. त्यांनी फक्त "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून खाली दुसरं काही लावलं नाही. तुम्ही घरी काम करा, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. एवढंच मागतो.


बांधावरचा
८ जुलै, पहाटे ५.३०

वाचलं. रात्री आईलाही वाचून दाखवलं. मीही आजवर नुसत्या जॅकवरच करत आलोय. आजच्या आज जॅकस्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणायला माणूस पाठवतो. कोणते आणू, कसे लावू, हे कोणी सविस्तर सांगेल का?


आयटीआय_निदेशिका
८ जुलै, दुपारी १२.४०

सांगते. लांबलचक होईल, पण यात गाळण्यासारखं काही नाही.

जागा : गोठ्यासमोरचा कोबा, मुरूम नाही. शेणपाणी धुऊन कोरडा करा. उतार असेल तर तिथे काम करायचं नाही. स्टँड प्रत्येकी ३ टनी, जोडी घ्या, पाय रुंद असलेले आणि दातऱ्याबरोबर आडवी पिनही लागणारे. पाट्याच्या कामाला हौसिंग वर-खाली करावा लागतो, त्यासाठी चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक हवा. नसेल तर भाड्याने मिळतो का बघा. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे, दगड यांपैकी काहीही स्टँड म्हणून चालणार नाही. पोकळ ठोकळा आधी काही न सांगता भुगा होतो. जाड लाकडी स्लीपर असतील तर ते आडवे-उभे चौकटीत रचले तर चालतात, एकावर एक एकाच दिशेने रचले तर नाही.

आता पाचर. हे नीट वाचा, कारण इथेच जाणती माणसं फसतात. तुमच्या गाडीचा हॅन्डब्रेक मागच्या चाकांना लागतो. इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना जाते. म्हणजे मागची बाजू उचलली की हॅन्डब्रेक हवेत आणि गिअरही हवेत. एकच चाक उचललं तरी डिफरेन्शियलमुळे गिअरचा उपयोग उरत नाही, उचललेलं चाक फिरतं आणि गाडी सरकते. गाडी धरून ठेवणारी गोष्ट एकच उरते, पुढच्या चाकांखालच्या पाचरी. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, मिळून चार. लाकूड तिरकं कापून घ्या. गोटा लावू नका, तो घरंगळतो.

गाडी पूर्ण रिकामी. हौद्यात एक कॅरेटही नको. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. मग हौसिंगखाली जॅक लावून उचला आणि स्टँड लावा चेसिसच्या सरळ पट्टीखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या थोडं पुढे, दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर. हौसिंगखाली स्टँड लावून पाटे काढता येत नाहीत, कारण पाटा सुटला की चेसिसला आधारच राहत नाही. चेसिस स्टँडवर, हौसिंग ट्रॉली जॅकवर, हे दोन आधार वेगळे. गाडी हळू स्टँडवर उतरवा. मग बाहेर उभं राहून दोन्ही हातांनी हौदा जोरात हलवा. हलली, करकरली, तर पुन्हा पहिल्यापासून. नाही हलली तर काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड दगा देईल तेव्हा आडव्या चाकाच्या जाडीएवढी तरी जागा माणसाला मिळते.

आणि भावाला काम संपेपर्यंत तिथून हलू देऊ नका. एकट्याने हे काम नाही.


पाटेवाला_मिरज
८ जुलै, संध्याकाळी ६.१५

ताईंनी जे लिहिलंय ते भिंतीवर लावण्यासारखं आहे. पुढचं हाताचं काम मी सांगतो.

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा पाटा हौसिंगला जागेवर धरून ठेवतो. दोन्ही सोडले तर हौसिंग पुढे-मागे जातो, प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा) ओढला जातो, आणि एकट्या-दुकट्याला तो परत जागी आणता येत नाही. हौसिंग खाली सोडताना ब्रेकची रबरी नळी आणि हॅन्डब्रेकची केबल ताणली जात नाही ना, यावर डोळा ठेवा. हौसिंगचं वजन नळीवर लोंबकळलं की ती बाहेरून चांगली दिसते आणि आतून फाटते.

आधी शॉकअपचा खालचा बोल्ट. मग यू-बोल्ट. मग शॅकल, शेवटी पुढची पिन. पाटा बाहेर काढताना दोघं लागा. बोटं पिनच्या भोकात घालून भोक जुळतंय का बघू नका, त्याला टॉमी (लोखंडी दांडी) आहे.

पाट्यांचा जुडगा उघडायचा असेल तर दादा, हात जोडून सांगतो, तो आमच्यासारख्याकडे घेऊन या. सेंटर बोल्टने सगळे पाटे दाबून धरलेले असतात. तो नट नुसता सोडला तर शेवटच्या आट्याला पाटे फटकन उघडतात. आमच्या दुकानात नव्या पोराचा दात असा गेलाय. आम्ही आधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळतो, मग बोल्ट काढतो, मग क्लॅम्प दोन्हीकडून सारखे सैल करत जातो. गाडी घरी ठेवून जुडगा तेवढा टेम्पोत टाकून आणलात तर चार दिवस अडकायचंही कारण नाही. सकाळी आणला तर संध्याकाळी देतो, तुमच्याकडचेही देतील.

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. अर्धवट बसलं तर हौसिंग तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. नट चौघांना थोडं थोडं, कोपऱ्याला कोपरा असं फिरत आवळा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराएवढंच आवळता येणारा पाना) आणा आणि आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या.

बुशच्या बोल्टबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रबरी बुश असेल तर तो बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचा नाही. नुसता लावून ठेवायचा, चाकं चढवायची, गाडी जमिनीवर घ्यायची, दोन-चारदा दाबायची, मग आवळायचा. हवेत आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं.


ह्यूस्टनकर
९ जुलै, सकाळी ८.२०

मी इकडे टेक्ससमध्ये आहे. इथे घरच्या गॅरेजात पिकपचं सस्पेंशन करणं अगदी रोजचं. मागे एक पाटा वाढवायचा किट किंवा पाट्याच्या वर हवेचे फुगे, शनिवारी सकाळी बसवतात. टॉर्क पाना, स्प्रिंग दाबायचं हत्यार वगैरे पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून घरी नेता येतं. दोन गोष्टी तिकडच्या मंडळींनाही उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

एक, स्टँड घेतला म्हणजे संपलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीला लाखो जॅकस्टँड परत मागवावे लागले होते. दातऱ्यात अडकणारा खटका पूर्ण बसत नव्हता आणि भार असताना एका बाजूला धक्का लागला की स्टँड खाली येत होता. बदली म्हणून दिलेल्यांतलेही काही पुन्हा परत मागवले. म्हणून खटका प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघायचा, दांडी हलवून बघायची, आणि ताई म्हणाल्या तशी आडवी पिन असलेलाच घ्यायचा.

दोन, इथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडीत एकूण किती भार चालेल याचा स्टिकर असतो. फुगे बसवले, पाटे बसवले, काहीही केलं तरी तो आकडा तोच. फुगे विकणाऱ्यांच्या पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. फुगा गाडी सरळ धरतो, भार वाढवायची परवानगी देत नाही.


घाटवाट
९ जुलै, दुपारी ३.००

माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकप आहे. पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. ते घरी बदलता येतील का?


आयटीआय_निदेशिका
९ जुलै, दुपारी ४.१०

शॉकअपवर बसलेली कॉइल स्प्रिंग सोडवणं घरी नको, हे स्पष्टच सांगते. ती दाबून बसवलेली असते. वरचा नट काढला आणि स्प्रिंग नीट दाबलेली नसेल तर सगळी ताकद एका क्षणात सुटते, समोर चेहरा असतो. बाजारात मिळणारे दोन हुकांचे दाबयंत्र एका बाजूने घसरतात. मी वर्गात ते मुलांना दाखवते, वापरू देत नाही. पूर्ण जोडणी गाडीवरून उतरवा, भिंतीला बसवलेलं दाबयंत्र असलेल्या दुकानात नेऊन स्प्रिंग बदला, आणि जोडणी परत घरी बसवा. पुढची बाजू बदलली की अलाइनमेंट आलंच.


बांधावरचा
१७ ऑगस्ट, रात्री १०.३०

सगळ्यांना नमस्कार. काम करून महिना झाला, पण आधी हंगामाची गडबड, नंतर पाऊस, आज निवांत लिहितोय.

पिन असलेले दोन स्टँड आणले, ट्रॉली जॅक गावातल्या एकाकडून मिळाला. पाचरी बाभळीच्या लाकडाच्या सुताराकडून कापून घेतल्या. पहिल्यांदा गाडी स्टँडवर घेऊन हलवली तर उजवा स्टँड कोब्याच्या जुन्या भेगेवर होता आणि किंचित करकरला. उतरवली, हातभर पुढे घेतली, पुन्हा उचलली. यात दीड तास गेला. भाऊ म्हणाला कशाला एवढं. मी त्याला सातारा_रस्ता यांचं लिहिलेलं पुन्हा वाचायला दिलं.

डावा पाटा काढला. शहरातल्या पाटेवाल्याने जुडगा उघडला तेव्हा वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार मोडलेला निघाला, दुसऱ्यालाही चीर. बाहेरून जी लाल रेघ दिसत होती ती तीच. त्याच जाडीचे, त्याच लांबीचे नवे पाटे दोन्ही बाजूंना टाकले, एकही वाढवला नाही. नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, बुश. शॉकअप दोन्ही बदलले. बंपस्टॉपचं रबर डाव्या बाजूला उरलंच नव्हतं. ब्रेकची ती दांडी आमच्या गाडीला आहे, ती वर्कशॉपमध्ये नेऊन मापाने लावून घेतली. आता रिकामी गाडी दोन्हीकडे ५२.

मग एक केलं जे आठ वर्षांत कधी केलं नव्हतं. ७५ कॅरेट भरून गाडी वजनकाट्यावर नेली. आम्ही कॅरेटला २० किलो धरतो आणि त्यावरच हिशोब करतो. रिकाम्या कॅरेटचंच दीड किलोच्या वर भरतं, ते कोणी धरत नाही. नुसता माल आणि कॅरेट मिळून १,६०० च्या वर निघाले, मी आणि भाऊ वेगळे. आरसीवरून हिशोब केला तर माझ्या गाडीला १,२५० चालतात. म्हणजे आठ वर्षं मी साडेतीनशे किलो जास्त घेऊन कसारा उतरत होतो आणि पाटे तुटले की पाट्यांना नावं ठेवत होतो.

आता ५२ कॅरेट भरतो. चांदवडकर भाऊ, तुम्ही म्हणता ते खरं आहे, फेरीमागे २३ कॅरेट मागे राहतात. शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी बोललो, तिघांचा उरलेला माल मिळून रोज एक भाड्याची मोठी गाडी भरते. भाडं तिघांत वाटलं जातं. रोज जमतंच असं नाही. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी दुसरी फेरी करतो आणि उशिरा पोचतो.


कांदा_चांदवड
१८ ऑगस्ट, सकाळी ७.४५

वाचून काल संध्याकाळी माझी गाडी मोजली. डावीकडे साडेचार सेंमी कमी. वाढवलेले दोन पाटे काढून आत काय निघतंय ते बघायला नेतोय. तिघांनी मिळून गाडी करायचं ठरवलंत ते कसं, कोण आधी भरतं, बिलटी (माल पाठवल्याची पावती) कोणाच्या नावाने, हे जरा व्यवस्थित लिहा दादा. आमच्याकडे माणसं तयार आहेत.


पाटेवाला_मिरज
१८ ऑगस्ट, सकाळी ९.२०

बांधावरचे दादा, यू-बोल्ट पुन्हा आवळले का? नवे पाटे भार घेतल्यावर एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट आपोआप सैल पडतो. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर एकदा, ५०० किलोमीटरला एकदा, मग हजाराला. सैल राहिला की सगळा झटका सेंटर बोल्टवर जातो आणि पाटा पुन्हा त्याच भोकातून मोडतो. चाकाचे नटही पहिल्या फेरीनंतर बघायचे.


बांधावरचा
१८ ऑगस्ट, दुपारी २.०५

पहिल्या फेरीनंतर आवळले, डावीकडचे दोन नट पाव आटा फिरले. ५०० ला आवळायचे राहून गेले, आज गाडीच्या काट्यावर कामानंतरचे ६४० किलोमीटर दिसतात. गाडी आत्ता अंगणात आहे. टॉर्क पाना घेऊन निघालोच. हे चाकं जमिनीवर ठेवून, बाजूनेच करता येतं ना, की स्टँडवर घेऊ?


पाटेवाला_मिरज
१८ ऑगस्ट, दुपारी २.१५

चाकं जमिनीवरच. गाडीचा भार पाट्यावर असतानाच आवळायचे. गाडी कोब्यावर घ्या, पाचरी लावा, आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा.


बांधावरचा
१८ ऑगस्ट, दुपारी ३.३०

झालं. आठही नट लागले, सगळ्यात जास्त फिरला तो डावा पुढचा. चांदवडकर भाऊ, भाड्याच्या गाडीचं आज रात्री वेगळा धागा काढून लिहितो, शेजारचे दोघं पण इथे येतील.